गालातला डिंक

हपसाला माणसांचा हिशोब तोंडपाठ असे. कुणाच्या मयताला कोण तीन दिवस बसलं आणि कोण दारातूनच फातिहा म्हणून सटकलं, नवरोजला रानात जेवायला जाताना कुणी भरल्या द्राक्षपानांचं पातेलं खरोखर भरून आणलं आणि कुणी वर पानं रचून खाली नुसते कांदे कोंबले, सगळं तिला वर्षवारीनं सांगता येई. त्यामुळे बुधवारी सकाळी तिचा मुलगा रेबवार गाडी धुऊन दारात उभा राहिला आणि तुला सुलेमानीला फिरवून आणतो म्हणाला, तेव्हा तिनं आधी मनाशी मोजलं. गेल्या आठ महिन्यांत त्यानं तिला एकदाच शहरात नेलं होतं, तेही दात काढायला.

"या खेपेला कोणता दात काढायचाय?" तिनं विचारलं.

दात नव्हता, चित्र होतं. हपसाच्या भावाची मुलगी बेखाल शहरात राहून चित्रं काढायची. चाळिशी उलटलेली, बिनलग्नाची, नखांत कायम रंग. उद्या संध्याकाळी तिचं प्रदर्शन उघडणार होतं, साटंलोटं करून दिलेल्या बायकांवर. आपली मुलगी द्यायची आणि त्या घरची आणायची, मेहेर नाही की देणंघेणं नाही, बाईच्या बदल्यात बाई, असली लग्नं त्यांच्या डोंगरातल्या गावांत घरोघर झालेली. प्रदर्शनातलं सगळ्यात मोठं चित्र हपसाचं आणि बेखालच्या आईचं, मीनाचं होतं. त्या दोघींचीच एकमेकींशी अदलाबदल झाली होती. हपसा मीनाच्या भावाला दिली, मीना हपसाच्या भावाला आली.

त्या चित्राचा फोटो फोनाफोनांतून फिरत रान्याला पोचला, आणि तिथे रेबवारच्या मुलीची नुकतीच सोयरीक झाली होती. विहीणबाईंनी गोड आवाजात विचारलं, ही तुमच्या घरचीच आजी ना, हिला काय झालं होतं? तेव्हापासून रेबवारला जेवण गोड लागत नव्हतं. एरवी बेखालला सरळ नावानं हाक मारणारा तो दोन दिवस फोनवर ताई, ताई करत होता. बेखालनं शेवटी सांगून टाकलं, की चित्रातली एक बाई वारली, दुसरी आहे. ती समोर उभी राहून चित्र भिंतीवरून काढ म्हणाली तर काढीन, तुझ्या म्हणण्यावर नाही.

वाटेत रेबवार आईला पढवत होता. फार बोलू नकोस, एवढंच म्हण, की माझ्या नातीसाठी काढ. हपसा गालात डिंक घोळवत ऐकत होती. रानपिस्त्याच्या झाडाचा तो तपकिरी डिंक, चावायला सुरुवात केली की कडू आणि कडक, मग लोण्यासारखा. त्याचा एक खडा नेहमी तिच्या रुमालाच्या गाठीत असे. रेबवारला तिचं हे चघळणं आवडत नसे. शहरात निदान ते तोंडातून काढ, असं तो दोनदा म्हणाला. तिनं काढलं नाही.

काय बोलायचं ते मात्र तिनं ठरवून टाकलं होतं. नातीचं लग्न उभं राहत असेल तर एक चित्र भिंतीवरून उतरलं म्हणून कुणाचं काय जाणार होतं? शिवाय चित्र उतरलं की विषयही मिटला. मीनाला दिलेला एक शब्द तिच्याकडे होता. मीना गेल्या वर्षी पानगळीत गेली होती, आणि मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत करता येत नाही, कारण तो घ्यायला समोर कुणी नसतं.

प्रदर्शन जुन्या तंबाखूच्या कारखान्यातल्या एका लांबलचक दालनात होतं. दोन माणसं शिडीवर चढून दिवे फिरवत होती. बेखाल खाली बसून एका चौकटीला खिळे मारत होती. आत्याला बघून उठली, तिच्या हाताचं चुंबन घेतलं, मग दोन्ही खांद्यांचं. मदतनीस मुलीला तिनं ओळख करून दिली, ही माझी आत्या, आणि मामीसुद्धा. साटंलोट्यात तेवढी एक सोय असते, एका माणसात दोन नाती बसतात आणि ईदला एकाच घरी जाऊन भागतं.

"आत्या, आधी बघ. मग काय ते म्हण," बेखाल म्हणाली आणि बाजूला झाली.

हपसानं बघितलं, आणि तिची नजर आधी कापडावर गेली. बेखाल नुसता रंग लावत नसे, चित्रावर खरं कापड चिकटवत असे. मीनाच्या अंगावर मीनाचाच हिरवा झगा होता, तो हपसानं शेकडो वेळा वाळत घातलेला पाहिला होता. हपसाच्या अंगावरचा पिवळा मात्र बाजारातून आणलेला होता. माझा निळा होता, असं ती मनात म्हणाली, पण तेवढं चालतं.

बाकी सगळं बरोबर होतं. कानीबेर आणि दारतू या दोन गावांमधला ओढा. अलीकडे एक वरात, पलीकडे एक, दोन्हीकडे खेचर, ढोल आणि मिशावाले बाप्ये. दोन्ही नवऱ्या एकाच वेळी निघायच्या आणि ओढ्याच्या मध्यावर एकमेकींना ओलांडून पुढे जायच्या, अशी रीत होती, म्हणजे कुठल्याच घरात घटकाभरही एक बाई कमी पडत नसे. एकीनं दगडावर पाऊल टाकलं की दुसरीनं टाकायचं. काठावरचे बाप्ये पावलं मोजत. दगड अरुंद, त्यामुळे सोबत कुणी येऊ शकत नसे, आणि मधल्या दोन दगडांवर त्या दोघीच असत. बेखालनं नेमका तो क्षण धरला होता. वाऱ्यानं लाल बुरखे उडालेले, बाह्यांची लांब टोकं पाण्याला टेकलेली, दोन सतरा वर्षांचे चेहरे.

चेहऱ्यांना तोंडं नव्हती. नाकाखाली हनुवटीपर्यंत नुसती गुळगुळीत कातडी.

"तोंडं राहिली की गं," हपसा म्हणाली.

"राहिली नाहीत. काढलीच नाहीत," बेखाल म्हणाली, आणि मग हळू आवाजात, जणू आजाऱ्याला सांगावं तसं तिनं समजावलं, की तुम्हाला कुणी विचारलं नाही, बोलू दिलं नाही, म्हणून.

चित्राशेजारी एक छापील कागद होता. हपसाला वाचता येत नसे, तिनं रेबवारला वाचायला सांगितलं. रेबवारनं खाकरून वाचलं. माझी आई चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात तक्रारीचा एक शब्द बोलली नाही, तिचं तोंड लग्नाच्या दिवशीच काढून घेतलं गेलं, आणि मी भित्र्या बायकांची लेक आहे. वाचता वाचता त्याचा चेहरा उजळला. घराची अब्रू चव्हाट्यावर आली, हेच तर तो म्हणत होता. आई, सांग आता, असं त्यानं डोळ्यांनी खुणावलं.

वाक्य हपसाच्या जिभेवर तयार होतं. माझ्या नातीसाठी काढ. तिनं ते जिभेवरच ठेवलं आणि मीनाकडे बघत राहिली. बत्तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली मीना, भाकरी लाटताना गावाच्या मुल्लाची नक्कल करणारी, तिच्या चेहऱ्यावर कुणीतरी लिंपण फिरवावं तसं झालं होतं.

"खुर्ची आण," ती म्हणाली. खुर्ची आली. ती बसली, बाह्यांची टोकं मानेमागे बांधली, कामाला लागताना बायका बांधतात तशी.

"तुझी आई गप्प बसली होती, बेखाल. तिला कुणी गप्प बसवलं नव्हतं. तू चित्रं काढतेस, तुला हे दोन रंग वेगळे दिसायला हवेत."

मग हपसानं सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर ती थांबली नाही.

त्या दिवशी मधल्या दगडावर मीनाच्या बुरख्याखाली काहीतरी हलत होतं. हपसाला वाटलं, रडतेय. ती चघळत होती. नवरी, आणि तोंडात डिंक! दोन पावलांइतका वेळ होता, तेवढ्यात मीनानं घाईघाईनं सांगितलं, माझा भाऊ बाहेरून आला की लगेच बोलू नकोस, चहा झाल्यावर बोल. भांड्यांच्या फळीमागची वीट सैल आहे, तिथे काही ठेवता येतं. हपसानं सांगितलं, माझी आई रोज अंडी मोजते, आणि माझा भाऊ तोफीक अंधाराला भितो पण कबूल करत नाही. काठावर बाप्ये पावलं मोजत असताना मधे दोन घरांची अशी आतली खबर इकडची तिकडे झाली. निघताना मीनानं तोंडातला डिंक दातांनी तोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, रडू आलं की चाव.

सहा महिन्यांनी हमाअमीननं, म्हणजे हपसाच्या नवऱ्यानं, भाकरी करपली म्हणून तिला मारलं. तिचा भाऊ तोफीक भेटायला आला तेव्हा तिनं, कुठलीही बहीण सांगेल तसं, त्याला पाठ दाखवली. तोफीक तसाच परत गेला. दारतूत चारचौघांनी त्याला विचारलं, तुझी बहीण मार खाते आणि त्यांची इथे तूप खाते? रीतच तशी होती, एका घरी जे होईल ते दुसऱ्या घरी व्हायलाच हवं. तोफीकनं त्या संध्याकाळी मीनाला मारलं. तिच्यावर त्याचा काडीचा राग नव्हता. डोळे मिटून मारलं, आणि मग जेवणवेळेपर्यंत गोठ्यामागे जाऊन बसला.

"बाबांनी?" बेखालनं विचारलं.

"तुझ्या बाबांनी. मोजून तेवढेच."

हे हपसाला कळलं ते सुया-दोरे विकत गावोगाव फिरणाऱ्या पेरीजानकडून. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपली तक्रार भावाच्या कानात जाते आणि मीनाच्या पाठीवर उतरते. तिनं पेरीजानच्या टोपलीतून मीनाला डिंकाचा एक खडा पाठवला. निरोप काही नाही. मीना समजली. तेव्हापासून ठरून गेलं, ज्या बाजूला मार पडेल त्या बाजूनं खडा जाणार, म्हणजे मला लागलंय आणि मी कुणाला बोलले नाही. पेरीजानला वाटे या दोघींना डिंकाचं वेड आहे.

रेबवार मधेच म्हणाला, बाबा असे नव्हते.

"तुझ्यासमोर नव्हते," हपसा त्याच्याकडे न बघता म्हणाली, आणि मग उजवा हात पुढे केला. मनगटाचं हाड बाहेरच्या बाजूला जरा उचललेलं होतं. रेबवारनं ते लहानपणापासून पाहिलं होतं. खेचरावरून पडले, असं त्याला सांगितलेलं होतं.

ते लाटण्यानं मोडलं होतं. मोडलेला हात बाहीत लपत नाही. हपसा तीन तास चालत बापाच्या घरी दारतूला आली. आता परत जाणार नाही, असं तिनं बापाला सांगितलं आणि बाप हो म्हणाला. पण ती इकडे आली म्हणजे मीनानं तिकडे जायला हवं. वडीलधारे बसले, आणि त्याच संध्याकाळी मीनाला माहेरी कानीबेरला धाडलं. तिची मुलगी तीन महिन्यांची होती. मूल बापाचं, म्हणून पाळणा दारतूलाच राहिला.

बेखालनं हातातला हातोडा खाली ठेवला. तिला वय मोजता येत होतं.

"बकरीचं दूध तू थुंकून टाकायचीस. साखरेच्या पाण्यात भिजवलेलं फडकं चोखायचीस आणि रडायचीस. माझा उजवा हात फळकुटाला बांधलेला, डाव्या हातात तू. माझं बोट धरून ओढायचीस, त्यात काय असणार? नऊ दिवस. तिकडून मीनानं पेरीजानकडून निरोप पाठवला, या खेपेला तोंडी. येऊ नकोस. मी इथे बरी आहे. पोरगी जगेल. तिन्हीतलं तिसरं तिला माहीत नव्हतं, मला दिसत होतं. नवव्या दिवशी तुझं रडणं थांबलं. तेव्हा मी उठले."

गावात मात्र वेगळं बोललं गेलं. हपसाला नवऱ्याशिवाय करमेना, म्हणे. बापाची भाकरी पचली नाही, म्हणे. तिनं बोलू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर त्या दोघी पुन्हा भेटल्या, त्याच दगडांवर. या वेळी ढोल नव्हता, बुरखे नव्हते, पावलं मोजायला कुणी नव्हतं. मीनाच्या झग्याचा पुढचा भाग दुधानं भिजून कडक झाला होता. तिनं आभार मानले नाहीत. तिला राग आला होता. मूर्ख आहेस, असं ती हपसाला म्हणाली, आणि मग म्हणाली, हे पोरीला कधी कळता कामा नये, जन्मभर स्वतःला दोष देत बसेल. हपसानं शब्द दिला. मीनानं तोंडातला डिंक तोडून अर्धा तिला दिला आणि धावत सुटली.

"त्यानंतर आम्ही तोंडं मिटली ती मिटलीच. गावं पाडली गेली, सगळ्यांना सरकारी वसाहतीत आणून टाकलं, तिथे भिंतीला भिंत लागली, तरी उघडली नाहीत. माझ्याकडून तिच्याकडे एकोणीस खडे गेले. तिच्याकडून चार आले, कारण चारदा तुझ्या बापाला कुठूनतरी कळलंच. बाकी पंधरा वेळचा मार माझ्यापाशीच थांबला. बाप्यांचा नियम होता फिटंफाट व्हायला पाहिजे. आमचं कधीच फिटंफाट झालं नाही, पोरी. तीच आमची कमाई. आणि तू लिहितेस भित्र्या बायका."

शिडीवरची माणसं केव्हाच खाली उतरून बाहेर गेली होती. बेखाल जमिनीवर, चित्राला पाठ लावून बसली होती. ती म्हणाली, "आत्या, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडला. वर गेले की मीना मला शिव्या देईल, तिला येतात भरपूर. पण तिला बिनतोंडाची इथे टांगलेली मला बघवेना." मग म्हणाली, "आणि तू ओझं घेऊ नकोस. तीन महिन्यांची होतीस, तुझा कौल कुणी मागितला नव्हता. जे केलं ते मी ठरवून केलं."

रेबवार भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचा फोन वाजला, रान्याचा नंबर होता, त्यानं बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला.

"तू का असा उभा?" हपसा त्याला म्हणाली. "मी परत गेले त्याच्या पुढच्या वर्षी तू झालास. त्या वर्षी मी बापाच्या घरी राहिले असते, तर आज तुझ्या मुलीच्या लग्नाची काळजी करायला तू नसतास."

त्यानं आईचा उजवा हात उचलला, मनगट उलटंसुलटं करून पाहिलं, मोटार दुरुस्त करणाऱ्या माणसानं सुटा भाग बघावा तसं, आणि परत तिच्या मांडीवर ठेवला. मग चित्राजवळ गेला. बेखालला वाटलं हा आता चित्र उतरवणार, ती उठायला लागली. त्यानं शेजारचा छापील कागद नखानं उचकटला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला.

"एवढं काढतो," तो म्हणाला. "ताई."

कामाशिवाय ताई म्हणण्याची ही त्याची पहिली वेळ, हपसानं ती तिथल्या तिथे नोंदवली. नंतर तो चहा बघतो म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

बेखालनं रंग काढले. बारीक कुंचला घेतला, ठेवला, दुसरा घेतला. एवढी वर्षं बायकांची तोंडं पुसणारी ती, आता पहिली रेघ कुठे टेकवायची ते तिला कळेना. हपसानं रुमालाची गाठ सोडली, डिंकाचा खडा दातांत धरून कडकन तोडला आणि अर्धा तिच्यापुढे धरला. बेखालनं तोंडात टाकला. कडवटपणानं तिचा चेहरा आवळला गेला.

"थुंकू नकोस," हपसा म्हणाली. "कडूपणा जातो."

बेखाल चघळत राहिली. हळूहळू तिचा जबडा सैल झाला आणि तिनं मीनाच्या नाकाखाली एक मिटलेली, किंचित वाकडी रेघ ओढली. मग एका गालाला कळेल न कळेल असा फुगवटा द्यायला गेली.

"तो नाही, डावा," हपसा खुर्चीवरून म्हणाली. "उजवीकडची दाढ तिला दुखायची."